त्राक्सियाँ आव्हाँ आणि आप्रिलिया : चॅसीविना मोटारीची दोन उत्तरे

चक्रपाणि

१९३४ साली पॅरिसमध्ये सित्रोएन कंपनीची त्राक्सियाँ आव्हाँ आली आणि १९३७ साली तुरिनमध्ये लान्चिया कंपनीची आप्रिलिया. दोन्ही चार दारांच्या, कुटुंबासाठी बांधलेल्या मोटारी होत्या. दोन्हींना वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नव्हती आणि दोन्हींना हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक होते. महायुद्धापूर्वीच्या युरोपात सामान्य मोटारीचा इतका मुळापासून विचार केलेल्या गाड्या फारच थोड्या आहेत, म्हणून या दोघींची तुलना तपशिलाने व्हावी असे मला वाटते.

त्राक्सियाँविषयी बोलताना सगळे तिच्या पुढच्या चाकांकडे पाहतात. इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना दिलेली असल्यामुळे ते साहजिकही आहे. पण या दोन गाड्यांमधला खरा फरक समजून घ्यायचा असेल, तर मागच्या चाकांकडे पाहावे असे माझे मत आहे.

आधी त्या काळच्या सर्वसाधारण मोटारीचे स्वरूप ध्यानात घेऊ. पोलादी तुळयांची शिडीसारखी चॅसी, तिच्यावर वेगळी बांधलेली बॉडी, पुढे-मागे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाके जोडणारे आडवे दांडे, आणि त्यांना कमान पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, अशी ती रचना असे. मागच्या ॲक्सलच्या पोटात डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची शक्ती दोन चाकांत वाटणारा दातेरी चाकांचा संच, असे आणि दोन्ही टोकांना चाके व ब्रेकचे ड्रम. पाट्यांच्या खाली असलेले हे सगळे वजन खड्ड्यागणिक वर-खाली उसळत असे. जे वजन स्प्रिंगच्या वर असते ते स्थिर राहू शकते, जे खाली असते ते रस्त्याबरोबर नाचते, आणि हे खालचे वजन जितके जास्त तितके चाक रस्ता सोडण्याची भीती जास्त. शिवाय इंजिनाची शक्ती मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट चॅसीवरून जाणार आणि त्याच्याही वर फरशी येणार, म्हणून गाडी उंच होणार आणि वळणावर कलणार.

आंद्रे सित्रोएन यांनी ही रचना सोडायचे ठरवले ते फार थोड्या वेळात. वोआझँ आणि मग रेनो या मोटार कंपन्यांत काम केलेले अभियंते आंद्रे लफेव्र १९३३ च्या मार्चमध्ये त्यांच्याकडे रुजू झाले, आणि १९३४ च्या एप्रिलमध्ये गाडी लोकांसमोर उभी होती. बॉडीचा आकार इटलीतून आलेल्या शिल्पकार फ्लामिनिओ बेर्तोनी यांनी घडवला. गिअरबॉक्स सर्वांत पुढे, मग डिफरन्शियल आणि त्यामागे इंजिन, अशी मांडणी होती. पुढची चाके स्वतंत्रपणे झुलणारी होती आणि पाट्यांच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे एका टोकाला घट्ट बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला पीळ खाणारी पोलादी दांडी, वापरलेली होती. मागे जाणारा शाफ्ट नसल्याने फरशी सपाट झाली, गाडी बुटकी झाली आणि चढण्यासाठी बाजूला लावलेल्या पायऱ्यांची गरज उरली नाही.

घाईची किंमत मात्र मोजावी लागली. संशोधक सेन्सो द लाव्हो यांनी आखलेला स्वयंचलित गिअरबॉक्स शेवटच्या क्षणी रद्द करून साधा तीन गिअरचा बसवण्यात आला. १३०३ सी.सी.च्या पहिल्या ७-ए मॉडेलची ३२ अश्वशक्ती अपुरी पडली आणि काही महिन्यांतच मोठी इंजिने द्यावी लागली. चाकांकडे शक्ती नेणारे सांधे, गिअरबॉक्स आणि सांगाड्याचे जोड यांच्या तक्रारी पहिल्या ग्राहकांनी केल्या. कंपनी १९३४ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीने ती ताब्यात घेतली, आणि ३ जुलै १९३५ रोजी आंद्रे सित्रोएन वारले.

लान्चियाचे संस्थापक विन्चेन्झो लान्चिया यांची वाट अगदी निराळी होती. १९२२ च्या लाम्ब्दा या गाडीमध्ये त्यांनी चॅसी काढून टाकून बॉडीलाच भार पेलायला लावले होते आणि पुढची चाके स्वतंत्र केली होती. १९३३ च्या आउगुस्तामध्ये बंद बॉडीचा एकसंध सांगाडा आला. आप्रिलिया ही त्या अभ्यासाची पुढची पायरी. तिचा आकार बात्तिस्ता फाल्केत्तो यांनी तुरिनच्या तंत्रविद्यापीठाच्या साहाय्याने वातबोगद्यात तपासून ठरवला. वाऱ्याच्या विरोधाचा तिचा गुणांक ०.४७ सांगितला जातो, आणि तीसच्या दशकातील चार दारांच्या गाडीसाठी तो फारच चांगला आहे.

आता मागची चाके. त्राक्सियाँला मागे एक साधा अखंड ॲक्सल आहे. तो टॉर्शन बारवर टांगलेला आणि हलका आहे, पण एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्या बाजूच्या चाकाला ते कळते. आप्रिलियामध्ये शक्ती मागच्या चाकांना जाते, आणि तरीही ती दोन्ही चाके स्वतंत्र आहेत. डिफरन्शियल बॉडीला पक्के बसवले आहे, प्रत्येक चाक मागे झुकलेल्या एका भुजेवर झुलते, आणि ब्रेकचे ड्रम चाकांपासून काढून आत, डिफरन्शियलला लागून ठेवले आहेत. म्हणजे स्प्रिंगखाली चाक, भुजा आणि शाफ्टचा काही भाग एवढेच उरले. १९३७ साली कुटुंबाच्या गाडीत हे करणे ही फार मोठी गोष्ट होती. सित्रोएनने गाडीच्या पुढच्या निम्म्या भागाचा नव्याने विचार केला, लान्चियाने संपूर्ण गाडीचा केला, असे माझे मत आहे, आणि म्हणून यंत्र म्हणून मी आप्रिलियाला वरचे स्थान देतो.

वैदेही_स

लेख अतिशय आवडला, पण निष्कर्ष मला मान्य नाही. आपण स्प्रिंगखालच्या वजनाचा मुद्दा नेमका मांडला आहे, आणि त्याच मुद्द्यावर त्राक्सियाँचा मागचा ॲक्सल सदोष ठरत नाही.

शक्ती मागच्या चाकांना जात असेल तर अखंड ॲक्सल जड होतो, कारण त्याच्या पोटात डिफरन्शियल, दातेरी चाके आणि तेल असते. ते वजन बॉडीवर न्यायचे तर चाके स्वतंत्र करावीच लागतात, आणि मग सांधे व भुजा हे सगळे ओघाने येते. आप्रिलियाची मागची रचना कितीही सुंदर असली, तरी मागच्या चाकांना शक्ती देण्याच्या निर्णयातून उभ्या राहिलेल्या अडचणीवरचा तो उपाय आहे. सित्रोएनने ती अडचणच उभी राहू दिली नाही. ज्या ॲक्सलला काही फिरवायचे नाही तो एक पोलादी दांडा असतो आणि त्याचे वजन फारसे त्रास देत नाही.

अखंड ॲक्सलचा एक गुणही आपण सांगितला नाही. गाडी वळणावर कितीही कलली तरी मागची दोन्ही चाके रस्त्याला जवळजवळ काटकोनातच राहतात. मागे झुकलेल्या भुजांवरची चाके मात्र बॉडीबरोबर कलतात. त्यामुळे टायरची पकड कमी होते, आणि त्या काळच्या अरुंद टायरांना ते परवडणारे नव्हते.

एकूण गाडीचे म्हणाल, तर त्राक्सियाँचे वजन दोन ॲक्सलच्या मध्ये ठेवलेले आहे. इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे आहे, चाके अगदी टोकांना आहेत, आणि छोट्या मॉडेलमध्येही दोन ॲक्सलमधले अंतर २.९१ मीटर आहे. गाडीला ओढणारी चाकेच तिला दिशा देतात, म्हणून ओल्या रस्त्यावर मागचा भाग सुटण्याचा धोका बराच कमी होतो. ३४ सालच्या सामान्य चालकाला आपल्या गाडीवर इतका विश्वास टाकता येणे, हे मला मागच्या भुजांपेक्षा मोठे वाटते.

अनय

एक प्रश्न. आप्रिलियाचे इंजिन १३५२ सी.सी.चे आणि व्ही आकाराचे चार सिलिंडरचे आहे असे वाचले. चार सिलिंडर एका ओळीत ठेवणे सोपे असताना ही खटपट कशासाठी?

चक्रपाणि

अनय, लांबीसाठी. आप्रिलियाची एकूण लांबी चार मीटरच्या आत आहे आणि त्यात पाच माणसे बसवायची होती. सिलिंडरच्या दोन जोड्या सुमारे १८ अंशांच्या अरुंद कोनात एकमेकींत गुंफल्या की इंजिन एका ओळीतल्या चार सिलिंडरपेक्षा बरेच आखूड होते, आणि कोन इतका लहान असल्यामुळे दोन्ही बाजूंना मिळून एकच हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, पुरते. वाचलेली जागा माणसांच्या पायांना मिळते. आखूड ठोकळा आणि आखूड क्रँकशाफ्ट ताठही राहतात.

त्या इंजिनातून सुमारे ४७ अश्वशक्ती मिळत असे. त्राक्सियाँच्या १९११ सी.सी.च्या इंजिनाची शक्तीही ४६ च्या आसपास होती, म्हणजे लान्चियाने जवळजवळ तेवढेच काम सुमारे सत्तर टक्के आकारात केले. गाडीचे वजन नऊशे किलोच्या आसपास आणि आकार वाऱ्याला कापणारा, त्यामुळे ती ताशी १२५ किलोमीटरपर्यंत जाई. १९११ सी.सी.ची त्राक्सियाँ हजार किलोच्या पुढची आहे आणि वेगात मागे राहते. चार गिअर विरुद्ध तीन गिअर हा फरकही घाटरस्त्यावर लगेच जाणवणारा आहे.

वैदेही, आपला काटकोनाचा मुद्दा मी मान्य करतो. अडचण उभीच राहू न देण्याचा मुद्दा मात्र पूर्ण पटत नाही, कारण तीच अडचण पुढे सरकून पुढच्या चाकांच्या सांध्यांत आली. फिरणाऱ्या शाफ्टने एकाच वेळी वर-खाली हलायचे, डावी-उजवीकडे वळायचे आणि तरीही चाकाला एकसारखी गती द्यायची, हे ३४ साली मागच्या डिफरन्शियलपेक्षा कितीतरी अवघड होते. साधा कार्डन सांधा, म्हणजे दोन शाफ्टना कोनात जोडणारा सांधा, वळला की चाकाची गती दर फेऱ्यात कमी-जास्त होते आणि तो हिसका स्टिअरिंगवर जाणवतो. म्हणून चाकाशी दोन कार्डन सांधे एकमेकांना जोडून बसवावे लागले, आणि तरीही चाके फार वळवता आली नाहीत. त्राक्सियाँला वळायला मोठे वर्तुळ लागते त्याचे एक कारण हेच.

लियाँवासी

मी फ्रान्समध्ये राहतो. येथील एका परिचितांच्या कृपेने युद्धोत्तर बांधणीची ११ मॉडेलची, म्हणजे १९११ सी.सी.ची, त्राक्सियाँ थोडी चालवायला मिळाली आहे, त्यामुळे चालकाच्या बाजूने लिहितो. आप्रिलियात मी फक्त मागे बसलो आहे, म्हणून या दोन अनुभवांना समान समजू नये.

गाडी उभी असताना किंवा अगदी हळू चालताना त्राक्सियाँचे स्टिअरिंग फार जड आहे, दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. वेग आला की तेच स्टिअरिंग हलके आणि नेमके होते. १९३६ पासून तिला रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि दातेरी चाकाचे, स्टिअरिंग मिळाले, आणि वळणावर गाडी जिकडे वळवावी तिकडेच जाते ही भावना त्यातून येते. गिअरचा दांडा डॅशबोर्डमधून बाहेर येतो. गिअर घाईने बदलायला गेलात तर ती गाडी साथ देत नाही, सावकाश बदललात तर काही तक्रार नाही.

मला अधिक महत्त्वाचे सांगायचे आहे ते फ्रान्स्वा लको यांच्याविषयी. लियाँजवळ सोन नदीकाठी रोशताये येथे त्यांचे खानावळवजा हॉटेल होते. जुलै १९३५ ते जुलै १९३६ या काळात त्यांनी एका ११ मॉडेलच्या त्राक्सियाँने चार लाख किलोमीटर अंतर कापले. एक दिवस पॅरिसला जाऊन परत, दुसऱ्या दिवशी माँटे कार्लोला जाऊन परत, रोज अकराशे किलोमीटरच्या पुढे, आणि तेही सार्वजनिक रस्त्यांवर. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे केले. ज्या गाडीचे सांधे आणि सांगाडा वर्षभरापूर्वी बदनाम झाले होते, तिच्याविषयी कोणत्याही जाहिरातीपेक्षा हा पुरावा मोठा होता. घाईत जन्मलेली गाडी किती लवकर सुधारली गेली, हे चक्रपाणि यांच्या लेखात यायला हवे होते.

पत्राकाम

चर्चा चाके आणि इंजिन यांच्याभोवती चालली आहे. मी बॉडी दुरुस्तीच्या व्यवसायात आहे, म्हणून पत्र्याविषयी लिहितो. माझ्या मते दोन्ही कंपन्यांचे भवितव्य पत्र्यानेच ठरवले.

दोन्ही गाड्यांना आपण एकसंध सांगाड्याच्या म्हणतो, पण बांधणी एकसारखी नाही. सित्रोएनने अमेरिकेतील बड कंपनीचे पेटंट घेऊन पोलादी बॉडी बनवायला विसाच्या दशकातच सुरुवात केली होती. पत्र्याचे मोठे भाग प्रचंड प्रेसमध्ये एका दाबात घडवायचे आणि विजेच्या वेल्डिंगने जोडायचे, हे ते तंत्र. प्रेस आणि साचे यांवर आधी अफाट पैसा ओतावा लागतो, आणि तो लाखो गाड्यांवर विभागला गेला तरच गाडी स्वस्त पडते. सित्रोएनने त्याच सुमारास पॅरिसमधला झाव्हेल घाटावरचा कारखानाही जवळजवळ नव्याने बांधला. मंदीच्या काळात एवढे कर्ज झेपले नाही. पण साचे तयार होते, म्हणून मिशेलिनच्या हाती कंपनी गेल्यावर गाडी बनतच राहिली. १९५७ पर्यंत सुमारे साडेसात लाख त्राक्सियाँ तयार झाल्या.

आप्रिलियाची संख्या सुमारे साडेसत्तावीस हजार आहे, आणि तिच्या उत्पादनाचा काळ १९३७ ते १९४९. त्यांतल्या काही हजार तर बॉडी नसलेल्या, केवळ तळाच्या रूपात पिनिन फारिनासारख्या बॉडी बांधणाऱ्यांना विकल्या गेल्या. एकसंध सांगाड्याच्या गाडीसाठी वेगळा तळ बनवावा लागणे हे कारखान्याच्या दृष्टीने दुहेरी काम आहे, तरी लान्चियाने ते केले, कारण हवी तशी बॉडी बांधून घेणारा ग्राहक तिला गमवायचा नव्हता.

आप्रिलियाच्या दारांचाही उल्लेख व्हायला हवा. तिला दोन दारांच्या मध्ये खांब नाही. पुढचे दार पुढे बिजागरीवर, मागचे दार मागे, आणि दोन्ही उघडली की गाडीची संपूर्ण बाजू मोकळी होते. चढ-उतार करायला याहून सोयीची गाडी मी पाहिलेली नाही. पण खांब नसल्यामुळे सगळा ताण खालच्या उंबऱ्यावर आणि छतावर येतो. उंबरा गंजला की दारे नीट बसेनाशी होतात, आणि मग केवळ पत्रा बदलून भागत नाही, संपूर्ण बॉडीला आधार देऊन ती मूळ मापात आणावी लागते. त्राक्सियाँमध्ये मधला खांब आहे. शिवाय इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाके हा सगळा संच बॉडीच्या पुढे आलेल्या दोन भुजांना बोल्टने बसवलेला असल्यामुळे तो एकत्र बाहेर काढता येतो. दुरुस्ती करणाऱ्याचा विचार तिथे झालेला दिसतो.

वैदेही_स

पत्राकाम यांच्या माहितीमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. युद्धापूर्वी या दोन गाड्या एकाच बाजारात एकमेकींसमोर होत्या. लान्चियाचा फ्रान्समध्ये बोनई येथे कारखाना होता आणि तिथे आप्रिलिया 'आर्देन' या नावाने तयार होत असे. म्हणजे फ्रेंच ग्राहकाला दोन्ही पाहून निवड करता येत होती, आणि बहुसंख्यांनी त्राक्सियाँ घेतली. किंमत हे त्याचे मोठे कारण असणार, पण किंमत हीसुद्धा अभियांत्रिकीचाच भाग आहे. जी गाडी गावच्या डॉक्टरला आणि शेतकऱ्याला परवडते तिच्या अभियंत्याने अधिक अवघड गणित सोडवलेले असते.

मागच्या ॲक्सलविषयी लान्चियाच्याच इतिहासातला एक पुरावा देते. १९६० साली लान्चियाने फ्लाव्हिया ही पुढच्या चाकांना शक्ती देणारी गाडी आणली, आणि १९६३ साली फुल्व्हिया. या दोन्ही गाड्यांना मागे काय आहे? साधा, हलका, अखंड ॲक्सल. आप्रिलियाच्या घराण्यातल्या अभियंत्यांनी मागची चाके शक्तीतून मोकळी होताच स्वतंत्र भुजांचा आग्रह सोडून दिला.

चक्रपाणि

वैदेही, फ्लाव्हियाचे उदाहरण चपखल आहे, आणि त्याला तितकेच वजन असलेले उदाहरण सित्रोएनच्या बाजूला आहे. १९५५ साली त्याच लफेव्र आणि बेर्तोनी यांनी त्राक्सियाँची जागा घेणारी डी.एस. आणली. त्यांनी पुढच्या चाकांची शक्ती तशीच ठेवली, पण मागचा अखंड ॲक्सल काढून दोन्ही चाके मागे झुकलेल्या स्वतंत्र भुजांवर बसवली, आणि पुढचे ब्रेक चाकांतून काढून आत गिअरबॉक्सला लागून ठेवले. स्प्रिंगखालचे वजन कमी करण्याचे हे दोन्ही उपाय आप्रिलियामध्ये अठरा वर्षे आधी होते. सित्रोएनने ते लान्चियाकडून घेतले असा माझा दावा नाही. पण मोकळा सुटलेला अखंड ॲक्सल पुरेसा आहे, हे त्राक्सियाँच्या कर्त्यांनाच पुढे पटलेले दिसत नाही. आपला काटकोनाचा आक्षेप डी.एस.च्या भुजांनाही लागू होतो. तो स्वीकारून त्यांनी स्वतंत्र चाकांचा मऊपणा निवडला, आणि तेव्हा त्यांच्या हाताशी तेल-वायूचे सस्पेन्शन, म्हणजे धातूच्या स्प्रिंगऐवजी तेल आणि दाबलेला वायू यांवर गाडी तोलणारी व्यवस्था, होती.

त्या सस्पेन्शनची पहिली चाचणी ग्राहकांच्या हातात झाली ती मात्र त्राक्सियाँवरच. सहा सिलिंडरच्या १५ मॉडेलला १९५४ साली मागच्या चाकांपुरते ते बसवण्यात आले होते. पुढे तेच जुने टॉर्शन बार आणि मागे संपूर्ण नवी व्यवस्था, अशी ती गाडी आहे. लियाँवासी, आपल्या परिचितांच्या वर्तुळात तिच्यापैकी एखादी असेल तर खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचा मागचा भाग पुढच्या भागाच्या तुलनेत कसा वागतो ते पाहून येथे अवश्य लिहावे. वैदेही आणि माझ्यातल्या वादाचा त्याहून चांगला निवाडा मला सुचत नाही.

लियाँवासी

तशी एक गाडी येथून जवळच्या गावात आहे. मालक वयोवृद्ध आहेत आणि गाडी फक्त कोरड्या ऋतूत बाहेर काढतात. विचारून पाहतो. मागच्या आसनावर बसायला मिळाले तरी पुरे, कारण फरक कळायचा तो तिथेच कळेल.